सुगरण की बया? किहीममधला १९३० चा पावसाळा

मराठीत ज्या पक्ष्याला आपण सुगरण म्हणतो, त्याला उर्दूत बया म्हणतात. सुगरण स्त्रीलिंगी, बया पुल्लिंगी. सकाळी मराठीचा तास आणि दुपारी उर्दूचा, असं माझं वेळापत्रक असल्यामुळे एकाच दिवशी, त्याच मुलांसमोर या पक्ष्याचं लिंग बदलतं. मुलं विचारतात, खरं कोणतं? भाषेच्या बाईने यावर व्याकरणाचं उत्तर द्यावं आणि पुढे जावं अशी अपेक्षा असते. पण या प्रश्नाचं उत्तर व्याकरणात नाही, अलिबाग तालुक्यातल्या एका घराच्या परिसरात आहे.

मराठीने विणकामाचं श्रेय बाईला दिलं. घर म्हटलं की बाई, हा आपला जुना हिशेब आहे. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतही पिलांसाठी खोपा विणते ती सुगरणच. कविता म्हणून ती इतकी सुंदर आहे की तिला कोणी शास्त्राची फूटपट्टी लावू नये. मात्र खोपा विणतो तो नर. आणि त्या खोप्यांमधला संसार नेमका कसा चालतो, हे नीट पाहून लिहून ठेवलं ते सलीम अलींनी, १९३० सालच्या पावसाळ्यात, किहीमला.

आमच्या शाळांमध्ये सलीम अली हा एका गुणाचा प्रश्न झाला आहे. 'भारताचे पक्षिमित्र कोण?' मुलं उत्तर लिहितात, गुण मिळतो, विषय संपतो. हा माणूस मुंबईच्या खेतवाडीत वाढला, लहानपणीच आईवडील गेल्यामुळे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्याला सांभाळलं, हे फारसं कोणाला माहीत नसतं. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि ही खाणं हलाल आहे का, असा प्रश्न या मुलाला पडला. तो प्रश्न घेऊन तो मामांकडे गेला. मामांनाही ती चिमणी ओळखता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे पाठवलं, आणि तिथून पुढचं आयुष्य ठरलं. एका मुस्लिम घरातल्या पोराच्या अगदी घरगुती प्रश्नातून हे सगळं सुरू झालं, हे मी वर्गात मुद्दाम सांगते.

त्याच वयातली त्यांची आणखी एक नोंद आहे. घोड्यांच्या तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर पहार्‍याला. सलीमने नराला गोळी घातली. थोड्याच वेळात मादीला दुसरा नर मिळाला आणि तो त्याच खिळ्यावर येऊन बसला. त्यालाही टिपलं. सात दिवसांत असे आठ नर मारले, आणि प्रत्येक वेळी नववा कुठेतरी तयारच होता. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण मोठेपणी त्यांनी ही नोंद लपवली नाही, उलट छापली. घराच्या भिंतीत राहायला आलेल्या पाखराकडे दिवसामागून दिवस एकाच जागेवरून बघायचं आणि आकडा मांडायचा, ही सवय तिथे दिसते. बंदूक पुढे बाजूला पडत गेली, सवय राहिली.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना गाइड लेक्चररची नोकरी मिळाली. त्याआधी झूलॉजिकल सर्व्हेतली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली होती, कारण विद्यापीठाची पदवी नव्हती. (मी बीएड आहे. कागदावर काय चालतं आणि कागदाशिवाय काय चालत नाही, हे मला कोणी सांगायला नको.) १९२८ मध्ये ते रजा घेऊन जर्मनीला गेले आणि बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. परत आले तेव्हा म्युझियममधली ती जागाच पैशांअभावी रद्द झालेली. वय तेहेतीस, लग्न झालेलं, हातात जर्मनीचं शिक्षण आणि नोकरी नाही. सलीम आणि तेहमिना यांनी मुंबई सोडली आणि किहीमच्या एका छोट्या घरात बिर्‍हाड केलं.

साल लक्षात घ्या. १९३० म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाचं वर्ष. सलीम अलींचे दुसरे मामा, वयाची पंचाहत्तरी उलटलेले अब्बास तय्यबजी, गांधीजींच्या अटकेनंतर धारासण्याच्या मोर्चाचं नेतृत्व करायला निघाले आणि मे महिन्यात पकडले गेले. किहीम ज्या कुलाबा जिल्ह्यात, आजच्या रायगडमध्ये येतं, त्याच जिल्ह्यात २५ सप्टेंबरला चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. एकाच कुटुंबातला म्हातारा तुरुंगात आणि त्याच जिल्ह्यात तरुण भाचा खोप्यांकडे डोळे लावून बसलेला. यावर कोणी नाक मुरडेल. मला तसं करावंसं वाटत नाही. देशाच्या कामाची एकच जात नसते.

कोकणातलं घर एकट्या माणसाचं कधीच नसतं. कौलांत पाली, वळचणीला चिमण्या, माळ्यावर वटवाघळं, कुंपणाच्या गडग्यात मुंगूस, भाताच्या कणगीमागे उंदीर आणि उंदरांमागे धामण. आमच्या घरी ओटीच्या वाशाला पाकोळ्यांनी चिखलाचं घरटं केलं की दादी ते कुणाला काढू देत नसे. 'अबाबील है, रहने दो,' एवढंच म्हणायची. हत्तीवाल्या सैन्याच्या गोष्टीतले पक्षी ते हेच, अशी तिची श्रद्धा. कुरआनातला तो अरबी शब्द थव्याथव्याने येणार्‍या पाखरांसाठी आहे, एखाद्या जातीचं नाव नाही. उर्दूत येता येता तो या पाखराला चिकटला. पण त्या चिकटण्यामुळे किती घरट्यांना संरक्षण मिळालं असेल! सूरह नह्लमध्येही मधमाशीच्या घरांच्या जागा सांगताना डोंगर आणि झाडं यांच्या जोडीला माणसांनी बांधलेल्या जागांचाही उल्लेख येतो. माणसाच्या घरात दुसर्‍या कुणाचं घर असणं तिथे नवलाचं मानलेलं नाही.

बया तसा आपल्या घराच्या आत येत नाही, पण आपल्याला सोडूनही राहत नाही. त्याला लागतं ते सगळं शेतकर्‍याच्या आसपास असतं. लोंबत्या फांद्या, ताडमाड, बाभळी, पाण्यावर झुकलेलं विहिरीकाठचं झाड, आणि विणायला भाताची हिरवी पात. पाऊस सुरू झाला, लावणी झाली की नराचं डोकं आणि छाती पिवळीधमक होते. पातीच्या कडेला चोचीने चीर पाडायची, उडता उडता तिची लांब पट्टी सोलून घ्यायची आणि फांदीला गाठ मारायची. अशा शेकडो फेर्‍या होतात. पूर्ण खोप्याला साधारण अठरा दिवस लागतात.

इथे सलीम अलींनी पाहिलेली गोष्ट येते. नर खोपा पुरा करत नाही. अर्ध्यावर, उलट्या टोपीसारखा आकार झाला की थांबतो. मग माद्या येतात. आत शिरतात, विणकाम चोचीने ओढून बघतात, आणि बहुतेकदा निघून जातात. नर पंख फडफडवत ओरडत राहतो. एखादीला खोपा पटला तर ती तिथे राहते. त्यानंतरच तो अंड्यांचा कप्पा आणि खालची लांब नळी पुरी करतो. मादीने अंडी घातली की ती उबवायचं काम तिचं. आणि हे महाशय जवळच्या फांदीवर दुसरा खोपा सुरू करतात, दुसर्‍या मादीसाठी. जमलं तर तिसराही. ज्या खोप्याला कोणी पसंत केलं नाही तो तसाच अर्धवट लटकत राहतो. झाडाखालून जाताना आपल्याला हे अर्धे खोपे दिसतात आणि वाटतं, पाखरू मेलं असेल किंवा कंटाळलं असेल.

हे एका दिवसात कळत नाही. कोणता खोपा कोणाचा, त्यात कोणत्या दिवशी कोण शिरलं, याची रोजची नोंद नसेल तर सगळी पाखरं सारखीच. नोकरी नसलेल्या माणसाकडे वेळ होता आणि त्याने तो असा खर्च केला. १९३१ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये हा लेख आला. त्याच्या शीर्षकातच बयाच्या घरगुती संबंधांचा नवा अर्थ लावल्याचं म्हटलं होतं. तोवर लोकांकडे बयाबद्दल कथाच जास्त होत्या. तो खोप्यात ओल्या मातीचे गोळे लावतो आणि त्यात काजवे चिकटवून रात्री उजेड करतो, ही तर आजही सांगितली जाते. माती तो खरंच लावतो. काजवे आपण लावले.

हा भाग मी एकदा स्टाफरूममध्ये सांगितला तेव्हा ठरलेला विनोद झालाच. 'म्हणजे पक्षी पण तुमच्यातलाच की!' सगळे हसले, मीही थोडी हसले, कारण वीस वर्षांच्या नोकरीत कुठे हसायचं ते कळतं. मग मी एवढंच विचारलं, की पसंती कोणाची असते ते ऐकलंत का? खोपा नापास करून निघून जाण्याचा हक्क मादीचा आहे, आणि ती तो सारखा वापरते. यातून माणसांसाठी काही सिद्ध होत नाही, ना बाजूने ना विरोधात. सलीम अलींनीही तसं काही सिद्ध करायला ते लिहिलं नव्हतं.

एक धागा मात्र मागे जातो. किहीमला येण्याआधी, १९२७-२८ मध्ये, सलीम अलींनी जर्नलमध्ये मोगल बादशहांवर लेखमाला लिहिली होती, निसर्गाचे अभ्यासक आणि शिकारी म्हणून. त्यातला खरा अभ्यासक जहांगीर. त्याच्याकडे लैला आणि मजनू नावाची सारसांची जोडी होती. त्यांचं मीलन, दोन अंडी, आळीपाळीने उबवणं, हे सगळं त्याने आपल्या आठवणींत लिहिलं आणि पिलू बाहेर यायला चौतीस दिवस लागले हेही मोजलं. त्याच जहांगीरने वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्या हातून मेलेल्या जनावरांचा आकडाही काढवला होता: १७,१६७. दोन्ही आकडे एकाच पुस्तकात आहेत. आपल्याकडे मोगलांवर भांडणारे दोन्ही बाजूंचे लोक यातला एकही आकडा सांगत नाहीत, कारण दोन्ही आकड्यांनी त्यांची गोष्ट बिघडते. सलीम अलींना ते दोन्ही माहीत होते, आणि तबेल्यातल्या आठ चिमण्याही.

किहीमचं बिर्‍हाड फार काळ टिकलं नाही. पुढे संस्थानांमधली पक्ष्यांची पाहणी सुरू झाली, पहिली निजामाच्या हैदराबादची. तेहमिना त्यांच्यासोबत तंबूंतून हिंडल्या. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. भारतीय पक्ष्यांवरचं ते प्रसिद्ध पुस्तक १९४१ मध्ये आलं, त्यांना ते पाहायला मिळालं नाही.

आता जुलैत मी मुलांना गावाबाहेरच्या विहिरीवर नेते. पक्ष्याचं नाव वहीत दोन्ही लिपींत लिहायचं, झाडावरचे अर्धे खोपे आणि पूर्ण खोपे वेगळे मोजायचे, तारीख टाकायची. विहिरीची संख्या मात्र कमी होत चालली आहे. एक गेल्या वर्षी बुजवली, दुसरीवरची बाभूळ तोडली. एका मुलीने विचारलं, टीचर, पाऊस संपल्यावर रिकाम्या खोप्यांचं काय होतं? वार्‍याने काही गळून पडतात. जे टिकतात त्यांत कधी कधी मनोल्या राहायला येतात. मनोलीच्या चोचीत असली विणकला नाही. ती बयाच्या जुन्या खोप्यात शिरते, आत थोडं मऊ गवत आणि पिसं घालते आणि तिथेच अंडी देते.