पेरोझचा चेहरा, छित्तराजाचे नाव

माझगाव हे वेगळे बेट होते आणि उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते, त्या काळची ही गोष्ट. शिलाहार राजा छित्तराज याच्या चांदीच्या नाण्यावर नाव त्याचे, पण चेहरा मुळात इराणच्या शहेनशहाचा.

इ.स. २२४ मध्ये अर्दशीरने सासानी सत्ता स्थापन केली. तिचे चांदीचे नाणे पातळ, रुंद, सुमारे ४ ग्रॅम वजनाचे. एका बाजूस राजा, दुसरीकडे अग्निवेदी आणि दोन रक्षक. प्रत्येक राजाचा मुकुट निराळा, म्हणून संग्राहक आधी मुकुट पाहतो. (याविषयीचा फरदूनजी पारुक यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९२४ मध्ये मुंबईतच छापला गेला.)

पेरोझ (४५९–४८४) हूणांकडून हरला, कैद झाला. खंडणी पुरती भरेपर्यंत मुलगा कवाध ओलीस राहिला. अखेर ४८४ मध्ये पेरोझ रणात पडला. त्याची चांदी मात्र पूर्वेकडे वाहत राहिली. हूणांनी त्या नाण्याची नक्कल केली. पुढे राजस्थान, गुजरात, माळव्यात नकलेचीही नक्कल झाली. नाकाची रेघ उरली, डोळ्याचा ठिपका झाला, अग्निवेदी म्हणजे रेघा-ठिपक्यांची उतरंड. लोक त्याला 'गधैया' म्हणू लागले.

जुन्या नाणकशास्त्रज्ञांनी यास 'अवनत' कला ठरवले. मला ते पटत नाही. व्यापाऱ्याला पेरोझ नको होता. ओळखीचे वजन आणि ओळखीचे रूप हवे होते. शिलाहार लेखांतला 'द्रम्म' हा शब्दही मूळ ग्रीक 'द्राख्मे'चा. आपल्या 'दामदुप्पट'मधला दाम तोच.

छित्तराजाचा भांडुप ताम्रपट शके ९४८चा, म्हणजे १०२६चा. त्याच्या थोडे आधी, १००९ आणि १०२१ मध्ये, कान्हेरीच्या लेण्यात आलेल्या जरथुश्त्री मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली. असे एखादे नाणे त्यांच्या हाती आले असते, तर त्यातला आपला राजा त्यांनी ओळखला असता का?

बहुतेक गधैया नाण्यांवर नावच नाही. ते कोणाचे, हे ते कोठे आणि कशासोबत सापडले यावरूनच ठरते. म्हणून हंडा फुटून नाणी सुटी विकली गेली, किंवा सोनाराच्या मुशीत गेली, की तो पुरावा कायमचा संपतो. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे. गधैया विकत घेणाऱ्याने किमतीआधी विचारावे: हे कोणत्या गावचे?