राब : तणांवरचा आगीचा उपाय

तणनाशके येण्यापूर्वी शेतकरी तणांचा बंदोबस्त कसा करीत? खुरपे आणि कुळव होतेच. सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यात आगही होती. कराडजवळच्या मलकापूरहून पश्चिमेला गेले की पाटणचे डोंगर लागतात. अशा डोंगरी भागात भात-नाचणीचा तरवा टाकण्यापूर्वी, उन्हाळ्यात, जमिनीवर शेण, झाडांचा टहाळ, गवत आणि वर माती पसरून सावकाश जाळीत. हाच राब. त्याने वरच्या थरातील तणांचे बी मरे आणि राखेचे खतही मिळे.

टहाळासाठी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागत. त्यावरून शेतकरी व वनखाते यांच्यात वाद झाला. १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढेही तो आला. मग राब ही केवळ रूढी होती काय? इंग्लंडात १९०९ मध्ये रसेल व हचिन्सन यांनी दाखवले, की तापवलेल्या मातीत पिकाला मिळणारा नत्र वाढतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर यांच्यासह केलेला राबाचा अभ्यास १९१२ साली प्रसिद्ध झाला.

आज बागेत गॅसची ज्योत वापरतात. तण जाळायचे नसते. क्षणभर शेकले तरी पेशी फुटतात. पान दाबल्यावर बोटाचा गडद ठसा उमटला, की काम झाले. हरळी व लव्हाळा मात्र जमिनीखालच्या भागांतून पुन्हा फुटतात.

राबाला टहाळ लागतो, ज्योतीला गॅस आणि तणनाशकाला कारखाना. तिन्हींचा खर्च कोणाकोणावर पडतो, याची यादी विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावी.