सव्वीस नंबरची निळी जर्सी

२०१८च्या एप्रिलमधली गोष्ट. न्यू जर्सीत येऊन मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि अमेरिकन फुटबॉलबद्दल एवढंच कळलं होतं की त्यात पायाचा संबंध नावापुरता आहे. शुक्रवारी सकाळी ऑफिसात पोचलो, तर शेजारच्या टेबलवरचा साठीकडे झुकलेला सहकारी कपाळाला हात लावून बसलेला. आदल्या रात्री ड्राफ्ट झाला होता. त्याच्या जन्मभराच्या टीमनं, न्यू यॉर्क जायंट्सनं, दुसऱ्या क्रमांकावर सॅक्वॉन बार्कली नावाचा रनिंग बॅक उचलला होता.

"पोरगा हिरा आहे," तो म्हणाला, "पण रनिंग बॅकला इतक्या लवकर घेतात का?"

मला प्रश्नच कळला नाही. हिरा आहे तर लवकर नाही घ्यायचा, मग कधी? पुढं महिनाभरात मी बार्कलीची २६ नंबरची निळी जर्सी घेतली. थोडी हौस म्हणून, थोडी सहकाऱ्याला चिडवायला. प्रश्न मात्र मागं लागला तो लागलाच.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. आयपीएलचा लिलाव आपल्याला पाठ आहे: ज्याच्या खिशात पैसे, त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नसते. गेल्या हंगामात तळाला राहिलेली टीम कॉलेजातून आलेल्या पोरांतला पहिला उचलते, मग तिच्या वरची, मग तिच्याही वरची. अशा सात फेऱ्या. तुला कुठं जायचंय, हे पोराला कुणी विचारत नाही. आणि रनिंग बॅक म्हणजे साधारण आपला कबड्डीतला चढाईपटू. फक्त याला शिवून परत यायचं नसतं. चेंडू छातीशी धरून शंभर-सव्वाशे किलोंच्या गड्यांत घुसायचं आणि मिळतील तेवढे यार्ड पुढं जाऊन पडायचं. एका सामन्यात पंधरा-वीस वेळा. त्याच्यासाठी वाट फोडणाऱ्या पाच आडदांड गड्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. त्यांची नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. या लेखातही ती येणार नाहीत, पण ते आहेत हे विसरू नका.

गंमत म्हणजे ड्राफ्टच्या इतिहासातला अगदी पहिला खेळाडू धावणाराच होता. १९३६ साली फिलाडेल्फिया ईगल्सनं शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरला निवडलं आणि त्याचे हक्क शिकागो बेअर्सना देऊन टाकले. पैशांचं काही जमलं नाही. बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. तेव्हा "लवकर घ्यावं का" याचं पहिलं उत्तर खेळाडूनंच दिलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

पुढची काही दशकं मात्र हा प्रश्न कुणाला पडतच नव्हता. चांगला धावणारा दिसला की घ्यायचा. १९७७ साली पहिले दोन्ही क्रमांक रनिंग बॅकना मिळाले. १९७८ साली ह्यूस्टन ऑयलर्सनं पहिल्या क्रमांकावर अर्ल कॅम्पबेलला घेतलं. त्याचे जुने व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, जरूर बघा. तो चुकवून पळत नाही, तो अंगावर जातो. पहिली तिन्ही वर्षं लीगमध्ये सर्वाधिक यार्ड त्याचेच. १९८०च्या एका हंगामात त्यानं ३७३ वेळा चेंडू घेऊन धडक मारली आणि १,९३४ यार्ड काढले. म्हणजे टीमच्या बाजूनं बघाल तर निवड सोळा आणे बरोबर. पण आठ हंगामांत शरीर संपलं. पुढं त्याला वॉकर आणि व्हीलचेअर लागली. ते फोटो पाहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की हा प्रश्न आपण नेहमी एकाच बाजूनं विचारतोय. टीमला परवडतं का, एवढंच.

ज्या वर्षी कॅम्पबेल आला, त्याच १९७८ साली लीगनं नियम बदलले. पास झेलणाऱ्याला धक्काबुक्की करणं अवघड केलं आणि खेळ हळूहळू हवेतून चालू लागला. रनिंग बॅकचा भाव उतरायला तिथून सुरुवात झाली.

पण खरी ठेच लागली १९९५ साली. सिनसिनाटी बेंगल्सनं दुसऱ्या टीमशी सौदा करून पहिला क्रमांक मिळवला आणि की-जाना कार्टरला घेतलं. सरावाच्या पहिल्याच सामन्यात, तिसऱ्यांदा चेंडू हातात आला तेव्हा त्याचा गुडघा गेला. पूर्वीचा कार्टर परत दिसलाच नाही. आणि त्याच ड्राफ्टमध्ये, सहाव्या फेरीत, १९६व्या क्रमांकावर, डेन्व्हर ब्राँकोजनं टेरेल डेव्हिसला उचललं होतं. १९९८ साली तो २,००८ यार्ड धावला. टीमनं लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले. कार्टरनंतर आजतागायत एकही रनिंग बॅक पहिल्या क्रमांकावर गेलेला नाही.

टीमच्या मालकांनी यातून धडा घेतला: १९६व्या क्रमांकावर मिळतो, तर पहिला कशाला खर्च करा? २०१३ आणि २०१४ साली तर पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही. पण हाच धडा उलटा वाचून बघा. डेव्हिसचाही गुडघा १९९९ साली गेला. म्हणजे एक पहिला, एक १९६वा, गुडघे दोघांचेही गेले. फरक एवढाच की कार्टरला सही करतानाच ७० लाख डॉलरहून अधिक बोनस मिळाला होता.

२०११च्या करारानं ही गाठ आणखी घट्ट केली. आता नवख्याचा पगार त्याच्या क्रमांकावरून ठरतो आणि साधारण चार वर्षं तो बांधलेला असतो. क्वार्टरबॅकला त्यानंतरही पंधरा वर्षं खेळता येतं. रनिंग बॅकची मात्र हीच चार वर्षं ऐन उमेदीची. ती संपली की टीम म्हणते, आता तू झिजलास.

बार्कलीचं तेच झालं. पहिल्या वर्षी सर्वोत्तम नवखा, आणि टीम ५ जिंकून ११ हरलेली, कारण वाट फोडणारी लाइनच धड नव्हती. त्याच ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर जॉश ॲलन आणि बत्तिसाव्या क्रमांकावर लमार जॅक्सन हे क्वार्टरबॅक गेले. दोघंही पुढं लीगचे एमव्हीपी झाले. २०२० साली बार्कलीचा गुडघा फाटला. २०२३ साली तो मोठ्या कराराची वाट बघत होता, तेव्हा टीमनं 'फ्रँचाइज टॅग' लावला. म्हणजे करार संपला तरी ठरावीक पगारावर आणखी एक वर्ष इथंच. २०२४च्या मार्चमध्ये तो ईगल्सकडे गेला, जायंट्सच्या हाडवैऱ्याकडे. तिथली लाइन लीगमधल्या सर्वोत्तम लाइनपैकी एक. तोच माणूस त्या हंगामात २,००५ यार्ड धावला.

माझा सहकारी बरोबर होता, हे मी आता मान्य करतो. समोर लाइन नसेल तर रनिंग बॅक लवकर घेणं म्हणजे पाया खणायच्या आधी झुंबर आणणं. लाइन तयार असेल तर गोष्ट वेगळी. डेट्रॉइटनं २०२३ साली बाराव्या क्रमांकावर जमीर गिब्ज घेतला, लोक हसले, आणि त्याच हंगामात टीम सुपर बोलच्या एक सामना अलीकडे पोचली. पण मी त्या पोराचा बाप असतो, तर देवाला एकच नवस बोललो असतो: कुणीतरी याला लवकर उचलू दे. जायंट्सनं चूक केली म्हणून बार्कलीला पहिल्या चार वर्षांचे ३ कोटींहून अधिक डॉलर मिळाले. टीमनं शहाणपणा केला असता, तर त्याच फाटलेल्या गुडघ्याची किंमत बरीच कमी आली असती.

९ फेब्रुवारी २०२५ला, आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, बार्कली सुपर बोल जिंकला. त्या सामन्यात त्याचे यार्ड फक्त ५७. कॅन्सस सिटीनं सगळं बळ त्यालाच अडवण्यात घातलं आणि बाकीच्यांनी ४० गुण काढले. सामना संपल्यावर माझ्या सहकाऱ्याचा, जो आता निवृत्त झालाय, मेसेज आला: "तरीही लवकरच घेतला होता."

मी कपाटातून निळी जर्सी काढली आणि तिचा फोटो पाठवला. फिलाडेल्फियातही त्याचा नंबर २६च आहे.