बुडाखालची दीडशे वर्षं

२०१५ साली नाशिकचे दोन डॉक्टर भाऊ, हितेंद्र आणि महेंद्र महाजन, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून सायकलवर निघाले आणि थेट पूर्व किनाऱ्यावर जाऊन थांबले. ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’, म्हणजे सायकलवाल्यांच्या भाषेत ‘रॅम’. अंतर जवळपास ४,८०० किलोमीटर आणि दोघांच्या संघाला मुदत नऊ दिवसांची. ती पाळून शर्यत पूर्ण करणारा हा पहिला भारतीय संघ ठरला. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी हीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. तेव्हा त्यांची नेमणूक नाशिकला होती. त्यांच्यामागून काही तासांतच नागपूरचे डॉ. अमित समर्थही पोचले.

या बातम्यांनी नाशिकमध्ये सायकलींची हवा आणखी तापवली. रविवारी पहाटे त्र्यंबक रोडला गेलात तर रंगीत जर्सीतले थवे दिसतात. आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी निघते, सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरची. पण याच शहरात किती महागड्या सायकली गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे उभ्या आहेत, ते मोजायला हवं. त्यांच्या मालकांना विचारलं तर कामाचा व्याप, ट्रॅफिक, ऊन अशी कारणं ऐकू येतात. चौथ्या-पाचव्या वाक्यानंतर, जरा आवाज खाली आणून, खरं कारण बाहेर पडतं. बसवत नाही हो, फार दुखतं.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘होईल सवय’. हे उत्तर अर्धवट आहे. पहिल्या आठ-पंधरा दिवसांचं दुखणं सवयीनं जातं हे खरं. पण बधिरपणा, मुंग्या, एकाच जागी कातडी सोलवटणं, हे सवयीचे विषय नाहीत. ते मापाचे विषय आहेत. आणि माप चुकतं कुठे, हे समजायला सीटचा इतिहास फार उपयोगी पडतो.

आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलपासून सुरुवात करू. स्वातंत्र्याच्या आगेमागे देशात सायकलींचे मोठे कारखाने उभे राहिले: १९४९ मध्ये मद्रासजवळ टीआय, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हिरो. या सगळ्यांनी मुख्यतः जी सायकल बनवली ती ब्रिटिश रोडस्टरचीच बहीण होती. हँडल जवळपास सीटच्या उंचीला, त्यामुळे बसणारा ताठ. ताठ बसलं की अंगाचा बहुतेक भार सरळ बुडावर येतो. म्हणून सीट रुंद, आणि तिच्याखाली जाडजूड स्प्रिंगा. दूधवाला, पोस्टमन, ओझरच्या विमान कारखान्यात किंवा नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये पाळीवर जाणारा कामगार, यांच्यासाठी ती रचना अगदी बरोबर होती. वेग कमी, अंतर पाच-दहा किलोमीटर, कॅरिअरवर डबा आणि अंगात रोजचेच कपडे. (पोरं तर ही सायकल सीटवर न बसताच शिकली, दांड्याखालून पाय घालून. आराम हा प्रश्न त्यांना पडायचंच कारण नव्हतं.)

त्या रुंद सीटचा पूर्वज इंग्लंडातला. बर्मिंगहॅममध्ये जॉन बोल्टबी ब्रुक्स हा घोड्यांचं चामडी सामान बनवणारा माणूस होता. त्याचा घोडा मेला, नवीन परवडेना, म्हणून त्यानं उसनी सायकल घेतली आणि सीटनं त्याला इतका त्रास दिला की तो स्वतःच सीट बनवायला बसला, अशी कंपनी सांगते ती गोष्ट. १८८२ मध्ये त्यानं सीटचं पेटंट घेतलं. युक्ती साधी होती. चामड्याचा एक जाड तुकडा पुढून-मागून ताणून बसवायचा, झोळीसारखा. खाली गादी नाही, काही नाही. काही शे किलोमीटरनंतर बसणाऱ्याच्या हाडांच्या जागी चामडं दबतं आणि सीट त्या माणसाची होते. जुन्या कोल्हापुरी चपलेसारखं हे. दुसऱ्याला द्यायची नाही.

इथे शरीररचनेचा एक मुद्दा नीट बघू. बसताना आपला भार कमरेच्या सांगाड्याच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर यायला हवा. त्यांच्या मधल्या मऊ भागातून नसा आणि रक्तवाहिन्या जातात, त्यावर भार येता कामा नये. या दोन हाडांमधलं अंतर माणसागणिक वेगळं असतं, साधारण दहा ते चौदा सेंटीमीटर. बायकांमध्ये ते सरासरीनं थोडं जास्त. सीट अरुंद असेल तर हाडं बाहेर लटकतात आणि मधला भाग चेपतो. म्हणजे रुंदी हा पहिला प्रश्न, मऊपणा नंतरचा.

गंमत अशी, की हे १८९०च्या दशकातच माहीत होतं. तेव्हा युरोप-अमेरिकेत बायका मोठ्या संख्येनं सायकल चालवू लागल्या आणि डॉक्टरमंडळी अस्वस्थ झाली. त्या काळजीत वैद्यक किती आणि बायका घराबाहेर पडतात याची पोटदुखी किती, हे वेगळं करणं कठीण आहे. पण त्यातून मधे फट असलेल्या, दोन हाडांखाली दोन गाद्या ठेवणाऱ्या सीट बाजारात आल्या. ‘क्रिस्टी’ नावाच्या सीटच्या जाहिरातीत तर कमरेचा सांगाडाच छापलेला असायचा. एकीकडे नेहमीच्या सीटवर, दुसरीकडे क्रिस्टीवर. आज एखाद्या दुकानातल्या पोस्टरवर बघता तेच चित्र.

मग सायकलची ती लाट ओसरली, मोटारी आल्या आणि सायकलच्या सीटचं पुढचं भवितव्य शर्यतवाल्या पुरुषांच्या हाती गेलं. त्यांना लांब, अरुंद, हलकी सीट हवी होती. फट असलेली सीट मागे पडली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्जिना टेरी या अमेरिकन इंजिनिअर बाईंनी मधे भोक असलेली बायकांची सीट पुन्हा आणली. पण सगळा उद्योग जागा झाला तो १९९७ मध्ये, जेव्हा अर्विन गोल्डस्टीन या मूत्ररोगतज्ज्ञानं सायकलच्या सीटमुळे पुरुषांच्या लैंगिक क्षमतेवर परिणाम होऊ शकतो असा इशारा दिला. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत खाचेच्या सीट पुरुषांसाठीही सगळीकडे दिसू लागल्या. शंभर वर्षं बायका जे सांगत होत्या ते पुरुषांचं दुखल्यावर विज्ञान झालं. आजही नाशिकच काय, कुठल्याही गावात बायका दुकानदाराशी या विषयावर मोकळेपणी बोलू शकत नाहीत, आणि त्यांची सायकल पुरुषांच्या आधी गॅलरीत जाते.

आता जेलचं कव्हर. नवी सायकल घेणारा पहिली खरेदी बहुधा हीच करतो. दीडशे-दोनशे मिलिमीटर रुंद, बोट दाबलं की आत जाणारं. त्याचा उगम मात्र सायकलच्या दुकानात नाही. वेमन स्पेन्स या अमेरिकन डॉक्टरानं अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून जेल वापरलं. पुढे रॅमच्या पहिल्या पिढीतला स्पर्धक मायकेल शर्मर याच्या मदतीनं ते हातमोज्यांत आणि सीटमध्ये गेलं. (हाच तो शर्मर, ज्याच्या नावानं लांब शर्यतीत मान लुळी पडण्याला ‘शर्मर्स नेक’ म्हणतात.) हातमोज्यात जेल छानच. पण रुग्ण निजलेला असतो आणि सायकलवाला मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा पाय फिरवत असतो. खूप मऊ थरात हाडं बुडतात, मधला भाग वर फुगतो आणि नेमका तिथेच दाब देतो. इगतपुरीपर्यंत जाऊन यायचं असेल तर गादी सीटवर नको, पॅडच्या चड्डीत हवी, कारण ती तुमच्याबरोबर हलते. आणि तिच्या आत दुसरी चड्डी नको, शिवण घासते.

सीट बदलण्याआधी फुकटातलं करून बघा. एक जाड पन्हाळी पुठ्ठा, टीव्हीच्या खोक्याचा चालेल, कडक स्टुलावर ठेवा. त्यावर बसून थोडं पुढे वाका, गुडघे जरा वर घ्या. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्याहून साधारण दोन सेंटीमीटर रुंद सीट बघायला लागा. तुम्ही जितके ताठ बसता तितकी रुंद, जितके वाकता तितकी अरुंद. मग उंची. भिंतीला टेकून सीटवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. चवडा ठेवल्यावर गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, वर असेल तर बहुधा मागून, आणि कंबर डावी-उजवी डुलते. सीटचं नाक पातळीत ठेवा. खाली झुकवलं की दुखणं बुडावरून मनगटात जातं, एवढंच.

पायडलचंही असंच. काळ्या सायकलचं रबरी ठोकळ्यांचं पायडल चपलेसाठी होतं आणि चपलेसाठी ते आजही उत्तम आहे. शर्यतवाले चवड्यावर लोखंडी पिंजरा आणि पट्टा बांधायचे. थांबायचं तर आधी हात खाली घालून पट्टा सैल करायचा. १९८४ मध्ये फ्रान्सच्या लूक कंपनीनं, जी मुळात बर्फावरच्या स्कीची कुलपं बनवायची, तेच कुलूप सायकलच्या बुटाखाली आणलं. टाच बाहेर वळवली की बूट सुटतो. पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनोनं त्यावर टूर दि फ्रान्स जिंकली. पिंजरा म्हणजे क्लिप, ती गेली म्हणून याचं नाव ‘क्लिपलेस’. अडकतं तरी क्लिपलेस. १९९० मध्ये शिमानोनं एसपीडी आणली. तिचा खिळा तळव्यात दबलेला असतो, त्यामुळे उतरून चालता येतं. द्वारका चौकातून रोज जाणाऱ्याला किंवा अंजनेरीच्या पायथ्याशी चहाला थांबणाऱ्याला रेसिंगच्या बुटांपेक्षा हीच बरी.

घेताना एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघा. बुटाखालच्या खिळ्याला पाऊल थोडं डावं-उजवं वळू द्यायची मुभा असते. गुडघा वाचतो तो त्या मुभेमुळे, आणि किती मुभा हे रंगावरून कळतं. लूकच्या किओमध्ये लाल म्हणजे सगळ्यात जास्त, नऊ अंश. शिमानोच्या रोड पायडलमध्ये लाल म्हणजे शून्य, आणि सहा अंशांचा तो पिवळा.