भाड्याच्या घरातील ढेकूण : जबाबदारी कोणाची?

भाड्याच्या घरात ढेकूण निघाले की घरमालक म्हणतो, ते तुमच्या सामानातून आले. राहणारा म्हणतो, ते आधीपासूनच होते. ढेकूण रक्ताविना काही महिने तग धरतो आणि जुन्या फर्निचरमधून, बॅगेतून किंवा शेजारच्या सदनिकेतूनही येतो. त्यामुळे दोघांचेही म्हणणे खरे असू शकते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये ढेकणांसाठी स्वतंत्र तरतूद नाही. कलम १४ नुसार, वेगळा करार नसल्यास, जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षभराच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. भिंतीच्या भेगा, सुटलेले प्लॅस्टर ही उघडच दुरुस्ती झाली. निव्वळ औषधफवारणीला दुरुस्ती म्हणावे का, यावर मात्र वाद होऊ शकतो.

खरी अडचण पुढेच आहे. शहरांत आज सर्रास होणारे करार 'लिव्ह अँड लायसन्स' पद्धतीचे असतात आणि त्यातील परवानाधारक हा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नव्हे. त्याला आधार भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५७ चा : परवानाधारकाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक ठरेल असा, मालकाला ठाऊक पण परवानाधारकाला अज्ञात असलेला दोष मालकाने सांगितलाच पाहिजे. ढेकणांमुळे माणसांत रोग पसरतो हे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे मालकाचा वकील 'धोकादायक' या शब्दावर बोट ठेवणार, हे उघड आहे. न्यूयॉर्क शहरात नव्या भाडेकरूला मागील वर्षातील ढेकणांची माहिती लेखी देण्याचे बंधन २०१० मध्येच मालकांवर आले. आपल्याकडे तसे काही नाही.

म्हणून सारी भिस्त करारावर. 'किरकोळ देखभाल परवानाधारकाची' एवढ्या मोघम वाक्यावर सही करू नये. ताबा देण्यापूर्वीचे पेस्ट कंट्रोल मालकाच्या खर्चाने आणि पहिल्या महिन्यात ढेकूण आढळल्यास जबाबदारी त्याचीच, असे स्पष्ट लिहून घ्यावे. त्यानंतरचा खर्च राहणाऱ्याने सोसावा, हे न्याय्यच आहे. करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. तसे न केल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

ताबा घेताना गादीच्या शिवणी, दिवाणाचे सांधे, स्विचबोर्डच्या कडा पाहाव्यात. काळे ठिपके किंवा ढेकणांची कात दिसल्यास लगेच छायाचित्रे काढून मालकाला लेखी कळवावे. घर फर्निचरसह घेतले असेल तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण गादी त्याची असते आणि कापली जाते ती तुमची अनामत रक्कम. फवारणीतून अंडी बऱ्याचदा वाचतात आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात. म्हणून सुमारे दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी लागते आणि तिचा खर्च कोणाचा, हेही करारातच ठरवावे. शेजारच्या सदनिकेतही ढेकूण असतील तर दोन्ही घरांत एकाच वेळी फवारणी व्हावी, यासाठी सोसायटीच्या सचिवांना मालकाच्या सहीचे पत्र द्यावे. परवानाधारक सोसायटीचा सभासद नसतो.