घरी केलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि पडलेल्या चार भिंती

आज कुणाला घरच्या घरी डिजिटल म्युझिक प्लेयर बनवायचा असेल तर सामानाची यादी फार मोठी नाही. एक रास्पबेरी पाय, डॅकचा छोटासा बोर्ड, क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायरचा बोर्ड, पायसाठी मोबाईलचा चार्जर, अ‍ॅम्प्लिफायरसाठी जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर, एक मेमरी कार्ड, चार वायरी. आणि अर्थात स्पीकरची जोडी. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड गाठला की बहुतेक सगळं मिळतं. शनिवारी सामान आणलं तर रविवारी जेवणाच्या वेळेपर्यंत गाणं वाजायला हरकत नाही.

हे इतकं सोपं आहे की त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण या यादीतली प्रत्येक वस्तू कधी ना कधी एक भिंत होती. भिंत म्हणजे घरी बसून छंद म्हणून काम करणाऱ्या माणसाला 'हे तुझं काम नव्हे' असं सांगणारी अडचण. अशा चार भिंती पडल्या म्हणून आज आपलं काम स्वस्तात होतं. त्या कशा पडल्या त्याची ही गोष्ट.

पहिली भिंत : ट्रान्सफॉर्मर

सुरुवात करू १९४७ पासून. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय, ब्रिटनमध्ये रेशनिंग चालू आहे आणि चांगला अ‍ॅम्प्लिफायर विकत घेणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे. अशा वेळी 'वायरलेस वर्ल्ड' मासिकाच्या एप्रिल आणि मे १९४७ च्या अंकांत डी. टी. एन. विल्यमसन नावाच्या तरुण इंजिनियरचा लेख आला. हा मूळचा एडिंबराचा, जन्म १९२३ चा. म्हणजे तेव्हा जेमतेम चोविशीचा! लेखात १५ वॉटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचं संपूर्ण सर्किट होतं आणि डिस्टॉर्शन होतं ०.१ टक्क्याच्या आत. त्या काळी हा आकडा म्हणजे चमत्कारच.

चमत्कारामागची युक्ती मात्र वीस वर्षं जुनी होती. ऑगस्ट १९२७ मध्ये बेल लॅब्जचा हॅरॉल्ड ब्लॅक हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर चालला होता. तिथेच त्याला निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली आणि हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरच त्याने ती उतरवून काढली. कल्पना साधी आहे. अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग परत आत आणायचा, मूळ सिग्नलशी ताडून बघायचा आणि जी चूक दिसेल ती वजा करायची. आपण सॉफ्टवेअरवाले याला बहुधा 'कोड रिव्ह्यू' म्हणू. :)

मग वीस वर्षं अडलं कुठे? ट्रान्सफॉर्मरपाशी. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांची थेट सोयरीक जुळत नाही, मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. आणि ट्रान्सफॉर्मर फार वरच्या आणि फार खालच्या फ्रिक्वेन्सीला सिग्नलची वेळ पुढेमागे करतो. ही ढकलाढकल जास्त झाली की वजा व्हायचा सिग्नल अधिक होऊ लागतो, आणि अ‍ॅम्प्लिफायर गाणं वाजवायचं सोडून स्वतःच शिट्टी घालायला लागतो. विल्यमसनने ट्रान्सफॉर्मरची वेटोळी थरांमध्ये वाटून कशी गुंडाळायची ते बारकाईने दिलं, आणि त्या ट्रान्सफॉर्मरला पोटात घेऊन भरपूर, म्हणजे २० डेसिबल, फीडबॅक लावून दाखवला.

महत्त्वाचं म्हणजे हे सगळं त्याने छापून टाकलं. जगभरच्या हौशी लोकांनी ते सर्किट बनवलं. अमेरिकेत हीथकिटसारख्या कंपन्यांनी त्याची किटं काढली. विल्यमसन स्वतः पुढे ऑडिओ सोडून यंत्रांच्या ऑटोमेशनकडे वळला, आणि १९६० च्या दशकात मोलिन्स कंपनीत त्याने 'सिस्टिम २४' ही आपोआप चालणारी उत्पादनप्रणाली उभी केली. पण त्याचं नाव टिकलं ते मासिकातल्या त्या लेखांमुळे.

दुसरी भिंत : उष्णता

ट्रान्झिस्टर आले आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला. पण एक त्रास तसाच राहिला. नेहमीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखा चालतो आणि उरलेली ऊर्जा तापून वाया जाते. क्लास-बी सर्किटची कार्यक्षमता अगदी कागदावरसुद्धा ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही, आणि प्रत्यक्षात साध्या आवाजात गाणं ऐकताना ती बरीच खाली असते. म्हणून मोठा हीटसिंक, मोठा पॉवर सप्लाय, मोठा डबा. आणि खर्च मुख्यतः त्याचाच.

यावर उपाय म्हणजे क्लास-डी. आपल्या घरातली इस्त्री कशी चालते बघा. ती 'अर्धी गरम' नसते. थर्मोस्टॅट तिला पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद करत असतो, आणि चालू-बंदच्या प्रमाणावर सरासरी तापमान ठरतं. क्लास-डीमध्ये ट्रान्झिस्टर असाच पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असतो, फक्त सेकंदाला लाखो वेळा. शेवटी कॉइल आणि कपॅसिटर ती थरथर गाळून टाकतात आणि उरते ती सरासरी, म्हणजे आपलं गाणं. अर्धवट उघडा नळच नाही, त्यामुळे तापणंही नाममात्र.

हे किट म्हणून विकण्याचं धाडस १९६४ मध्ये क्लाइव्ह सिंक्लेअरने केलं (हाच पुढचा झेडएक्स स्पेक्ट्रमवाला). त्या किटचं नाव एक्स-१०, म्हणजे १० वॉट. प्रत्यक्षात मिळायचे साधारण अडीच वॉट, कारण तेव्हाचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर इतक्या वेगाने चालू-बंद होऊच शकत नव्हते. वर रेडिओत खरखर यायची ती वेगळीच. आपल्याकडे रस्त्यावरच्या टेपरेकॉर्डरवर '१००० वॉट पीएमपीओ' असं चिकटवलेलं असायचं ते आठवतंय? त्या परंपरेचं मूळ बरंच जुनं आहे म्हणायचं!

कल्पना बरोबर होती, फक्त तीस वर्षं लवकर आली. योग्य सिलिकॉन यायला १९९० चं दशक उजाडलं. १९९५ मध्ये आद्य त्रिपाठी यांनी कॅलिफोर्नियात 'ट्रायपाथ' ही कंपनी काढली (नाव कुठून आलं ते सांगायला नकोच). त्यांच्या टीए२०२४ चिपवर आधारलेला सॉनिक इम्पॅक्टचा 'टी-अ‍ॅम्प' हा प्लॅस्टिकचा, खेळण्यासारखा दिसणारा डबा ४० डॉलरच्या आत मिळायचा. २००५ च्या सुमारास ऑडिओच्या समीक्षकांनी तो ऐकला आणि एकच खळबळ उडाली. आवाज खरंच चांगला होता. चॅनलमागे १५ वॉट म्हणायचे, पण ते १० टक्के डिस्टॉर्शन धरून. स्वच्छ आवाज मिळायचा तो त्याहून कमी पॉवरला. तरी खोलीपुरता पुरे.

याच सुमारास दुसऱ्या बाजूनेही एक फुगा फुटला. १९९९ मध्ये जपानच्या '४७ लॅबोरेटरी'ने 'गेनकार्ड' नावाचा उंची अ‍ॅम्प्लिफायर काढला. पॉवर सप्लाय धरून किंमत हजारो डॉलर. लोकांनी उघडून पाहिलं तर आत नॅशनल सेमिकंडक्टरची एलएम३८७५ ही काही डॉलरची चिप आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके सुटे भाग! मग काय, 'गेनक्लोन' नावाने घरोघरी त्याच्या नकला झाल्या. महाग डब्यात काय असतं हे एकदा कळलं की भीती जाते, ती अशी.

तिसरी भिंत : डिकोडिंग

आता प्लेयरकडे येऊ. सीडीवरचं गाणं म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट. (हा ४४,१०० आकडाही मजेदार आहे. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे. एका ओळीत ३ नमुने, वापरण्याजोग्या २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. करा गुणाकार.) एमपी३ ने हे ओझं साधारण अकरा पटीने कमी केलं, पण ते उलगडायला गणित लागतं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्यासाठी चांगला पेंटियम कामाला जुंपावा लागे. छोट्या मायक्रोकंट्रोलरचं ते काम नव्हे.

१९९८ मध्ये डायमंडचा 'रिओ पीएमपी३००' आला. ३२ एमबी मेमरी, म्हणजे १२८ केबीपीएसला जेमतेम अर्धा तास. तरीही अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना घाबरून कोर्टात गेली. जून १९९९ मध्ये अपील कोर्टाने निकाल डायमंडच्या बाजूने दिला. स्वतःकडचं गाणं स्वतःच्या सोयीने ऐकायला यंत्र बनवणं बेकायदा नाही, हे तिथे ठरलं. निकाल उलटा लागला असता तर पुढचं बरंच काही झालंच नसतं, आपला रविवारचा उद्योगसुद्धा.

हौशी लोकांसाठी दार उघडलं ते एसटीए०१३ सारख्या चिप्सनी. एमपी३ चे बाइट आत ढकला, नमुने बाहेर येतील. गणित सगळं चिपच्या पोटात. पॉल स्टॉफ्रेगन यांनी ही चिप, एक ८०५१ जातीचा कंट्रोलर आणि कॉम्प्युटरची साधी हार्ड डिस्क जोडून प्लेयर बनवला आणि त्याची माहिती सगळ्यांना खुली केली. (हेच पुढे 'टीन्सी' बोर्ड काढणारे.) पुढे प्रोसेसर इतके स्वस्त झाले की वेगळ्या चिपची गरजच उरली नाही. आणि एप्रिल २०१७ मध्ये फ्राउनहोफर संस्थेने एमपी३ ची पेटंट लायसन्स देणंही बंद केलं. आता एमपी३ सगळ्यांचं आहे.

चौथी भिंत : शेवटच्या तीन तारा

२९ फेब्रुवारी २०१२ ला रास्पबेरी पाय आला, ३५ डॉलरला. हिशेबाने काम झालं होतं. पण त्याच्या हेडफोन जॅकला खरा डॅक नव्हताच, आवाज तयार व्हायचा पल्स विड्थ मॉड्युलेशनने, आणि तो सुमारच होता. तोडगा होता आयटूएस. फिलिप्सने १९८६ मध्ये सीडी प्लेयरच्या आत एका चिपपासून दुसरीपर्यंत आवाज नेण्यासाठी ठरवलेली ही पद्धत. तीनच तारा. एक घड्याळाची, एक डावं-उजवं सांगणारी, एक आकड्यांची. जुलै २०१४ च्या बी-प्लस मॉडेलमध्ये ४० पिनांचा हेडर आला आणि या तारा सहज हाताशी आल्या. त्यावर पीसीएम५१०२ए सारखा डॅक बसवला की झालं. या चिपला वेगळं मास्टर क्लॉकही लागत नाही, ती स्वतःचं स्वतः तयार करते. म्हणून जोडणी इतकी सोपी.

मग आता प्रश्न काय?

तर चारही भिंती पडल्या. पण मला या इतिहासातली दोन मरणं जास्त विचार करायला लावतात.

पहिलं मरण ट्रायपाथचं. २००७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि तिचं तंत्रज्ञान सिरस लॉजिकने विकत घेतलं. त्या चिप्सचं खरं गुपित कंपनीजवळच होतं. त्यामुळे कंपनी गेली आणि तिच्याबरोबर चिपही गेली. शिल्लक माल संपला की संपला. आज आपण टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६ वगैरे वापरतो, म्हणजे गरज भागली. पण ती दुसऱ्या कुणी दुसरं काही बनवलं म्हणून.

दुसरं मरण स्क्वीझबॉक्सचं. स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने २००१ मध्ये 'स्लिमपी३' हा नेटवर्कवरून गाणी वाजवणारा प्लेयर काढला. सर्व्हरचं सॉफ्टवेअर मुक्त, पर्लमध्ये लिहिलेलं. २००६ मध्ये लॉजिटेकने कंपनी विकत घेतली आणि २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्सचं उत्पादन गुंडाळलं. पुढे २०२४ मध्ये तिची ऑनलाइन सेवाही बंद झाली. कंपनीच्या लेखी विषय संपला. पण कोड उघडा होता! लोकांनी तो चालू ठेवला आणि २०२४ मध्येच त्याला 'लिरियन म्युझिक सर्व्हर' हे नवं नाव दिलं. 'स्क्वीझलाइट' टाकून साधा पाय आजही स्क्वीझबॉक्स बनतो, आणि लोकांचे जुने डबेही अजून गातात.

फरक कळला ना? विल्यमसनचं सर्किट आज ७५ वर्षांनंतरही कुणीही बनवू शकतं, कारण ते मासिकात छापलेलं होतं. वस्तू स्वस्त होणं ही एक गोष्ट आहे, आणि ती आपली असणं ही वेगळी. आज दुकानातला वायफाय स्पीकर घरच्या जुगाडापेक्षा कदाचित स्वस्तही पडेल, दिसायला तर नक्कीच बरा. पण त्याचा सर्व्हर ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी तो शोभेची वस्तू होईल, आणि आपण काही करू शकणार नाही. पाचवी भिंत ही आहे, आणि ती तंत्रज्ञानाची नाही.

तेव्हा बनवणार असाल तर तीन गोष्टी सुचवतो. बजेटचा मोठा हिस्सा स्पीकरवर टाका, कारण विजेचा आवाज करणं स्वस्त झालंय, हवा हलवणं नाही. वॉटचा आकडा वाचताना शेजारी डिस्टॉर्शन किती टक्के लिहिलंय ते बघा, नाहीतर पीएमपीओवाल्यांना हसायचा आपल्याला हक्क नाही. आणि काय कशाला जोडलं त्याचा कागदावर नकाशा काढून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. दहा वर्षांनी कुणीतरी तो डबा उघडेल, बहुधा आपणच, आणि त्याला काही विचारायला कुणाकडे जावं लागणार नाही.