उपहार : तात्पुरत्या परवान्याची चौदा वर्षे

दिनांक १३ जून १९९७. दिल्लीच्या ग्रीन पार्क भागातील उपहार चित्रपटगृहात 'बॉर्डर' चित्रपटाचा दुपारचा खेळ चालू होता. सायंकाळी पाचच्या सुमारास तळमजल्यावरील वीज मंडळाच्या ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला. त्याच दिवशी सकाळी त्याला एकदा आग लागून गेली होती आणि जुजबी दुरुस्तीनंतर तो पुन्हा चालू करण्यात आला होता. आग वाहनतळातील मोटारींपर्यंत पसरली. धुराड्यातून चढावा तसा धूर जिन्यातून वर चढला आणि बाल्कनीत शिरला. ५९ माणसे दगावली, तीही प्रामुख्याने गुदमरून.

या दुर्घटनेला अपघात म्हणणे सोपे आहे. परंतु कागदपत्रे निराळे सांगतात. चित्रपटगृह १९७३ मध्ये सुरू झाले. १९७६ मध्ये शासनाने नियमांत सवलत देऊन वाढीव खुर्च्यांना मुभा दिली. १९७९ मध्ये ती सवलत रद्द झाली, तरी सगळ्या वाढीव खुर्च्या हटल्या नाहीत. बाल्कनीच्या उजवीकडील बाहेर पडण्याची वाट आठ आसनांच्या खासगी कक्षाने अडली. १९८३ मध्ये तपासणीत त्रुटी आढळल्यामुळे परवाना चार दिवसांसाठी निलंबित झाला. त्यास न्यायालयाची स्थगिती मिळाली आणि पुढे १९९७ पर्यंत हे चित्रपटगृह दोन-दोन महिन्यांच्या तात्पुरत्या परवान्यांवर चालत राहिले. दरम्यान १९८९ मध्येही तेथील ट्रान्सफॉर्मरला आग लागली होती. दोन महिन्यांचा हिशेब धरला, तर त्रुटी दूर करून घेण्याची संधी ऐंशीहून अधिक वेळा शासनाच्या दारी आली.

नुकसानभरपाईच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये मालकांबरोबर वीज मंडळ, महानगरपालिका व परवाना अधिकारी यांनाही जबाबदार धरले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटच्या दोघांना त्यातून मुक्त केले. नियामक अधिकार वापरताना झालेल्या चुकीबद्दल, दुष्ट हेतू नसल्यास, भरपाई लादली जाऊ नये, अशी ती भूमिका होती. ती समजण्याजोगी आहे. अन्यथा कोणीही अधिकारी सही करण्यास धजणार नाही.

मात्र अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे एक असमतोल दिसतो. परवाना नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला दावा, तक्रारी आणि दबाव यांना तोंड द्यावे लागते. मुदतवाढ देणाऱ्याला काहीच मोजावे लागत नाही. किंमत मोजतो तो तिकीट काढून आत बसलेला अनोळखी माणूस. म्हणून मुदतवाढ हीच प्रशासनाची सवय होऊन बसते.

उपाय फार अवघड नाही. प्रत्येक मुदतवाढीच्या आदेशात न सुधारलेल्या त्रुटींची यादी, त्या कायम असतानाही परवानगी का दिली याचे कारण आणि जागेवर जाऊन तपासणी केल्याची तारीख असावी. आणि हा आदेश इमारतीच्या प्रवेशद्वारी लावावा. आपण इमारतींच्या सज्जतेचा विचार नेहमी अग्निशामक बंबापासून सुरू करतो. खरे तर ती दुसऱ्या मुदतवाढीच्या टिपणीपाशी सुरू होते. ती टिपणी लिहिण्यापूर्वी एकदा बाल्कनीपर्यंत जिना चढून जावे आणि बाहेर पडण्याचे दार उघडते का, एवढे पाहावे.